हळद लागलेला कोतवाल

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. एकदा आईला सांगायला बसले होते, तर ती म्हणाली, आधी ताक पिऊन घे — आणि ताकाबरोबर ते पोटात गेलं ते गेलंच. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही हे बरं आहे. ओळखीचा माणूस लगेच समजूत घालायला लागतो, आणि मला समजूत नको आहे.

मागच्या आठवड्यात शालू घरी आली होती. शालू म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी, बोर धरणाजवळच्या हिंगणीची. आता ती स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या सरांच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक काढायचं तिनं मनावर घेतलं आहे. चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली, "बाई, तुमचा विषय तर ठरलेलाच आहे. आमच्या कोतवालाची गोष्ट. तुम्ही त्या पाखराला बरं करून गच्चीवरून सोडलं, ती." मी हो म्हणाले. किती सहज हो निघालं — सवय आहे ना. ती गेली आणि मी लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं, 'त्या संध्याकाळी तो कोतवाल उडाला.' आणि मग मला पुढे लिहिता येईना.

आधी सरांबद्दल सांगू द्या. मी टाळते आहे असं वाटलं तर तेही खरं आहे.

सत्तरच्या दशकात मी वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले. समुद्रपूरच्या शेतकऱ्याची मुलगी, नुकतीच एम.एस्सी. झालेली. वैरागडे सर आमचे विभागप्रमुख. खादीचा सदरा, पायात टायरच्या चपला, गळ्यात दुर्बीण. पक्ष्यांचं वर्गीकरण हे त्यांचं वेड. कोण कोणाचा भाऊ, कोण नुसताच दिसायला सारखा, कुणाचं नाव कुणी आणि का ठेवलं — हे ते गावातल्या सोयरिकी सांगाव्यात तसं सांगायचे. म्हणायचे, शास्त्रीय नाव म्हणजे शाळेच्या हजेरीतलं नाव, आडनाव आधी आणि नाव मागून. आणि एखाद्या मुलखातले पक्षी जरा निराळे निघाले, तर त्यांना तिसरं नाव मिळतं, उपजातीचं.

पण एक मोठी अडचण होती. वर्गीकरणाला नमुना लागतो, हातात धरून पाहता येईल असा. जगभर तो बंदुकीनं मिळवत आले. सरांनी जन्मात एक पक्षी मारला नव्हता आणि कुणाला मारू देणार नव्हते. वर्ध्यात याचं कुणाला नवल वाटत नसे. इथे ढेकूण मारावा की नाही यावरही दोन तट पडत. सरांनी त्यांची वाट काढली होती. अल्लीपूर, समुद्रपूर, हिंगणी — जिथे एसटी जाते तिथल्या शाळांत जाऊन ते सांगत, मेलेला पक्षी सापडला तर फेकू नका, आम्हाला द्या. जखमी सापडला तर लवकर द्या, बरा करून सोडू. मग कंडक्टर लोक चपलांच्या खोक्यातून पक्षी आणून देऊ लागले. उन्हानं पडलेले, तारेला चिकटलेले, बसच्या काचेवर आपटलेले. आमची प्रयोगशाळा अर्धी दवाखाना होती आणि अर्धी संग्रहालय. बरे होत ते गच्चीवरून उडत. जे हातात मरत, त्यांना सर स्वतः उघडून पाहत, कशानं मेला ते, म्हणजे पुढचा वाचवता येईल. त्यानंतरच तो माझ्याकडे येई.

कातडी काढून, कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधून नमुना तयार करणं माझं काम. आणि ते मला फार छान येत असे, हे सांगायला हवं. चिमणीएवढ्या पाखराची कातडी मी कुठे न फाटता काढायची. सर म्हणत, "कुसुम, तुझ्या हातात कला आहे." आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी होत असे.

एकदा मोठ्या शहरातले एक संशोधक आमचा संग्रह पाहायला आले. खण ओढून ओढून पाहिले. कोतवालांच्या खणात काळ्या कोतवालाचे नमुने होते — तो तारेवर बसणारा, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या शेजारी रिकामी जागा, आणि तिथे नुसतंच नाव, पांढऱ्या पोटाचा कोतवाल, डिक्रुरस सिरुलेसेन्स. सरांनी तो बोरच्या जंगलात कितीदा पाहिला होता, पण नमुना नव्हता. ते गृहस्थ हसले. म्हणाले, "वैरागडे, आपणहून मरायला येतात तेवढेच पक्षी तुमच्याकडे राहणार." सरही हसले. मी हसले नाही. सरांचा अपमान मला झोंबला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं म्हणजे त्यांनी माझे नमुने पाहिले आणि माझ्या हाताबद्दल चकार शब्द काढला नाही. ते झोंबलं होतं.

आता गिरजाबाई. हिंगणीहून पहिल्या बसनं वांगी आणि सांभार — आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात — घेऊन येत आणि कॉलेजच्या फाटकाशी बसत. तोंड असं, की प्राचार्यसुद्धा भाव करायला कचरत. एकदा एका प्राध्यापकांना त्या म्हणाल्या होत्या, "मास्तर, वांगं दाबून दाबून काऊन पाह्यता? ते का तुमचं पोट्टं हाय नापास झालेलं?" मला ती बाई आवडायची.

मे महिना होता. कॉलेजला सुट्टी. सर पुतणीच्या लग्नासाठी गावी गेलेले, प्रयोगशाळेत मी एकटी. गिरजाबाई टोपली घेऊन सरळ आत आल्या. वांग्यांवर ओला फडका, आणि फडक्याखाली कोतवाल, पांढऱ्या पोटाचा. मांजरीनं कुशीला फाडला होता. त्यांची नात, चार-पाच वर्षांची शालू, तिनं मांजरीच्या तोंडून सोडवला होता.

"हयद लावली म्या," गिरजाबाई म्हणाल्या. "पोरगी जेवून नाई राह्यली कालपासून. याले बरं कर बाई, मंग ते जेवन."

मी त्याला बरं केलं. हे खोटं नाही. नाकतोडे पकडून आणले, उकडलेल्या अंड्याचे कण दिले, कापसाच्या बोळ्यानं पाणी पाजलं. माझ्या बोटाला तो कडकडून चावायचा, आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. जखम वाळली. मग एक दिवस तो कपाटावरून खिडकीवर, खिडकीवरून पंख्यावर गेला आणि तिथून माझ्यावर ओरडला. आता सोडायचा, ऊन उतरलं की. पण दिवसभर मी त्या खणापाशी जाऊन येत होते. खण उघडायची, रिकामी जागा पाहायची, बंद करायची. कुणी पाहिलं असतं तर काही हरवलंय असं वाटलं असतं.

संध्याकाळी मी त्याला गच्चीवर नेलं, आणि खाली आणलं तेव्हा तो मेलेला होता.

पाहा, अजूनही कसं वाक्य लिहिते आहे मी! मेलेला होता — जणू आपला आपणच मेला. नाही. मी मारला. पंखांखाली दोन बोटांनी छाती दाबून धरली की लहान पक्षी लवकर मरतो, रक्त येत नाही, पीस मोडत नाही. पुस्तकात वाचलं होतं. सरांच्या कपाटातल्याच पुस्तकात. बरा झालेला, धडधाकट पक्षी मी मारला, एका खणातली रिकामी जागा भरावी म्हणून.

नमुना मात्र अप्रतिम झाला. कुशीवरची हळद पाण्यानं धुतली, तरी थोडी राहिलीच. वर मी नेहमीसारखा टाकणखार चोळला, कीड लागू नये म्हणून. हळदीला खार लागला की काय होतं हे आपल्याकडे कुठल्या मुलीला माहीत नसतं? कुंकू कसं करतात? पण तेव्हा मला काही सुचत नव्हतं. वाळल्यावर पाहिलं तर पांढऱ्या पोटाच्या कडेला, कुशीवर, सुंदर तांबूस झाक आली होती.

गिरजाबाईंनी विचारलं, "उडालं का वो बाई?" मी म्हणाले, "उडालं." त्यांनी दोन्ही हात जोडले आणि सांभाराची एक जास्तीची जुडी माझ्या पिशवीत कोंबली.

सर आल्यावर त्यांना म्हणाले, "हिंगणीहून गिरजाबाईंनी आणला. मेलेलाच होता." जखमी होता, मग मेला, असं का नाही सांगितलं? कारण मग त्यांनी विचारलं असतं, किती दिवस जगला, काय खाल्लं, देह कुठे आहे, उघडून पाहू. छातीत काय दिसलं असतं ते मला ठाऊक होतं. म्हणून सांगताना त्याला मी आधीच मारून टाकला, हिंगणीतच. देह नासला होता, फेकला, म्हणाले. एक खोटं फाटकाकडे, एक खोटं प्रयोगशाळेत. दोघांची गाठ पडली नाही की झालं.

सर किती आनंदले! त्या रिकाम्या जागेवर त्यांनी तो स्वतःच्या हातानं ठेवला. मग पुन्हा उचलला. खिडकीशी नेला, भिंग लावलं. मग हळूच म्हणाले, "कुसुम, ही तांबूस कूस कुठल्याच पुस्तकात नाही."

त्यांनी मला समजावून सांगितलं. या कोतवालाचे श्रीलंकेतले भाऊबंद पोटावरचा पांढरा रंग किती, यावरूनच वेगळ्या उपजाती ठरले आहेत. म्हणजे या पक्ष्यात पोट महत्त्वाचं. आणि इथे बोरच्या काठाला तांबूस कुशीचा! कदाचित वेगळी उपजात असेल. कदाचित आजवर कुणी नाव न दिलेली.

तेव्हा सांगता आलं असतं. सर, ती हळद आहे. एवढे चार शब्द. पण मेलेल्या पक्ष्याला हळद कोण लावतं? हळद म्हटलं की तो जिवंत होतो, आणि जिवंत झाला की प्रश्न विचारतो. मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "हो ना, सर."

एका नमुन्यावर उपजात ठरत नाही, हे सर जाणून होते. दुसरा मिळवायला मारायचा तर नाही. मग काय करायचं? पाहत राहायचं. त्या हिवाळ्यात आम्ही रविवारी रविवारी बोरला जाऊ लागलो. सरांचे गुडघे दुखायचे. तरी ते मोहाच्या झाडाखाली मान वर करून उभे राहायचे, आणि मी भाकरी-ठेच्याचा डबा धरून त्यांच्या मागे. एक साधा, भला माणूस जंगलात माझी हळद शोधत फिरत होता — आणि मी त्याच्याबरोबर. एके दिवशी सूर्य कलला होता, आणि एक कोतवाल उंच सुक्या फांदीवर बसला. त्या उन्हात बगळाही तांबूस दिसला असता. सरांनी दुर्बीण लावली. "दिसला," ते म्हणाले. दुर्बीण मला दिली. मला पांढरं पोट दिसलं. मी म्हणाले, "हो सर, दिसला."

गच्चीवर केलं ते मोठं की हे मोठं? मला अजून ठरवता येत नाही.

सरांनी निबंध लिहायला घेतला. नावही ठरवलं. म्हणाले, साहेबांनी आपल्या पक्ष्यांना स्वतःची नावं दिली, मित्रांची दिली, बायकांची दिली. हे नाव ज्या बाईनं पक्षी आणून दिला तिचं असेल. डिक्रुरस सिरुलेसेन्स गिरजे. हे म्हणताना ते इतके खूश होते की मला त्यांच्याकडे पाहवेना. आणि मग ते म्हणाले, "पण त्यांना विचारायला हवं. नाव त्यांचं आहे."

मी काय काय सांगितलं नाही! गिरजाबाई आजारी आहेत, त्या बाहेरगावी गेल्यात, आता सुगीचे दिवस आहेत. त्या आठवड्यात त्या खरोखरच फाटकाशी आल्या नव्हत्या, म्हणून तेवढे दिवस निभावलं. सर म्हणाले, आजारी असतील तर भेटायलाच हवं. आणि आम्ही हिंगणीच्या बसमध्ये बसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात त्या दिवशी सूर्य होता डोक्यावरचा.

गिरजाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. शालू उंबऱ्यात बसून पाय हलवत होती. सरांनी बाजेवर बसून, चहा घेऊन, सगळं नीट समजावलं. म्हणाले, "तुम्ही तो मेलेला कोतवाल कॉलेजात आणून दिलात, म्हणून हे कळलं. त्याला तुमचं नाव द्यायचं आहे."

शालूचे पाय थांबले.

गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सूप हातात तसंच. फार वेळ नाही — पण तेवढ्यात त्यांना सगळं समजलं, आणि त्यांना समजलं हे मला समजलं. मग त्या सरांकडे वळल्या. "हो जी," म्हणाल्या. "मेलंच होतं ते."

"आज्जी, आपला त—" शालू म्हणाली.

"तो वेगळा वो माय. आपला उडाला. हे दुसरं होतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं म्हणाले, हो सर, आधी एक जखमी आला होता, तुम्ही नव्हता, बरा करून सोडला. सरांचा चेहरा असा उजळला! एक वाचला, हे ऐकून त्यांना नव्या नावापेक्षा जास्त आनंद झाला. "मग हे आधी नाही का सांगायचं?" म्हणाले, आणि शालूच्या डोक्यावर हात ठेवला. उडालेल्या कोतवालाची गोष्ट ती तिथे सुरू झाली. पुढे सर ती प्रत्येक शाळेत सांगत.

निघताना सर पुढे झाले. गिरजाबाई कुंपणापाशी माझ्याजवळ आल्या. आवाज दबका होता, आणि त्यांचा दबका आवाज मी तेव्हाच ऐकला.

"तुह्यासाठी नाई बोलली मी," त्या म्हणाल्या. "पोरगी रोज तारेवर पाह्यते. कोतवाल बसला का म्हणते, आपलाच हाय. तिच्यासाठी बोलली. तिले नोको सांगजो. अन् माह्यं नाव नोको लावजो त्याले."

मी सरांच्या मागे निघाले.

बसमध्ये सर नावाबद्दलच बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. पण काय सांगितलं ते ऐका. म्हणाले, सर, तो तांबूस रंग हळदीचा आहे. चुलत बहिणीच्या हळदीहून आले होते, हात नीट धुतले नाहीत, तशीच कातडी काढायला बसले. वर टाकणखार लागला. माझी चूक आहे. आता लक्षात आलं.

सर उठले. बगळ्याचं एक गळालेलं पीस घेतलं, त्याला हळद लावली, टाकणखार चोळला, आणि खिडकीत ठेवलं. वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही. मग त्यांनी ते पीस कोतवालाशेजारी धरलं. तोच रंग. आणि सर हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, आपण तुझ्या बहिणीच्या हळदीची उपजात काढत होतो!" मग हसणं थांबलं. म्हणाले, "आणि मला तर तो झाडावरसुद्धा दिसला. डोळ्यांना हवं तेच दिसतं, कुसुम. चूक तुझी नाही, माझी आहे." निबंधाचे कागद त्यांनी फाडले आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजू प्रयोगशाळेत टिपणांना वापरल्या. ते काही वाया घालवत नसत.

शिक्षा वेगळीच झाली, आणि ती बक्षिसासारखी दिसत होती. त्यानंतर दरवर्षी, नव्या मुलांच्या पहिल्या तासाला, सर तो नमुना हातात घेऊन सांगायचे, ही कुसुम पाहा. हिनं स्वतःची चूक स्वतः येऊन सांगितली. नाही तर जगात एक खोटं नाव राहिलं असतं. मी तिथेच भांडी विसळत उभी असायची. माझ्या नेमणुकीच्या मुलाखतीत सरांनी हेच सांगितलं. मी प्राध्यापिका झाले ती या खरेपणावर. लोक अजूनही म्हणतात, बाईंचा शब्द म्हणजे शब्द.

सरांचे उपकार किती सांगू? मला त्यांनी पक्ष्यांचे सूर शिकवले, आडनावं शिकवली, चुकीचं नाव मागे घेण्यात कमीपणा नसतो हे शिकवलं — ते तेवढं मी अर्धंच शिकले. त्यांच्या विश्वासानं माझं आयुष्य उभं राहिलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते गेले. शेवटी मी उशाशी होते, आणि ते मला विचारत होते की धरणावर यंदा बदकं आली का. मी आली म्हणाले. ते खरं होतं, एवढं तरी.

गिरजाबाई पुढे कितीतरी वर्षं फाटकाशी बसत राहिल्या. मी भाजी त्यांच्याकडूनच घ्यायची. भाव तोच, माप बरोबर, बोलणंही नेहमीसारखं. फक्त सांभाराची जास्तीची जुडी पुन्हा कधी माझ्या पिशवीत पडली नाही. बाकी साऱ्यांना पडायची. मला त्यांनी माझ्या वाट्याचं तेवढंच दिलं, आणि आज मला वाटतं, मला नीट मापात तोलणारं माणूस तेवढं एकच होतं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. हे त्यांना कधी सांगितलं नाही. आता त्या नाहीत.

आणि शालू. ऐंशीच्या दशकात एके जुलैत वर्गात एक उंच मुलगी उभी राहिली. "बाई, ओळखलं का? मी हिंगणीची, कोतवालवाली." प्राणिशास्त्र का घेतलंस, विचारलं, तर म्हणाली, "तुमच्यामुळे ना." कोतवालांचं प्रात्यक्षिक आलं, त्याच्या आधी मी प्रयोगशाळेत जाऊन पांढऱ्या पोटाचा नमुना काढला आणि माझ्या कपाटात, रद्दीमागे ठेवला. त्यावर्षी सर निवृत्त झालेले होते. हळदीची गोष्ट सांगायला कुणी नव्हतं. चिठ्ठीवर हिंगणी होतं, मे महिना होता, आणि कुशीला तिच्या आज्जीची हळद होती. ती हुशार मुलगी आहे.

मी चित्र काढून शिकवलं. तारेवर बसतो तो काळा कोतवाल, ही वेगळी जात. पांढऱ्या पोटाचा झाडीत राहतो. शालू मोठ्यानं हसली. "म्हणजे इतके वर्षं मी दुसऱ्याच्याच पाखराले आपला म्हणून राह्यली होती! आपला तर जंगलात गेला असन, बाई." वर्ग हसला. मीही हसले. वर्गीकरणानं तारेवरचा तिचा कोतवाल नेला, आणि तिनं लगेच त्याला बोरचं सगळं जंगल देऊन टाकलं. पुढच्या रविवारपासून ती जंगलात जायला लागली. सरांनी आपली दुर्बीण तिला दिली. आज हिंगणीच्या शाळेतल्या पोरांना पक्षी ओळखता येतात ते तिच्यामुळे. मी हे पाहिलं, आणि मला फार आनंद झाला, आणि त्या आनंदावर माझा हक्क नव्हता. दोन्ही खरं आहे.

गिरजाबाईंनी सांगू नको म्हटलं होतं. ते मी मोडते आहे. त्या एका कारणासाठी खोटं बोलल्या होत्या आणि ते कारण आता मोठं झालं आहे, स्वतःच्या वर्गात उभं राहतं, आणि गोष्ट छापायला मागतं आहे. छापील खोट्याला मी यावेळी हो म्हणणार नाही. नमुना कपाटातून काढून टेबलावर ठेवला आहे. तांबूस रंग अजून गेलेला नाही.

शालू, तो उडाला नाही.

एवढं सांगून थांबणार होते, पण एक राहिलं. गच्चीवर मी त्याला मारायला नेलं नव्हतं, सोडायलाच नेलं होतं. वारा होता. मी मूठ उघडली. तो लगेच गेला नाही. माझ्या तळहातावर बसून राहिला, चावलासुद्धा नाही. मान वळवून त्यानं कडुलिंबाकडे पाहिलं. मग पाय आवळले, उडायच्या आधी आवळतात तसे. त्याची नखं मला तळव्यात टोचली.

आणि मी मूठ मिटली.